बारीक रेघ आणि त्रेचाळीस नावं

आमच्या गल्लीत कुणाचं पोरगं काय करतं हे सांगायला एक शब्द पुरतो. नर्स. इंजिनिअर. पीएसआय. सीईटी. (सीईटी म्हणजे अजून काहीच करत नाही.) माझी मुलगी उपासना अक्षरं बनवते, असं मी सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग माझ्या बायकोकडे बघतो आणि मग समजुतीच्या सुरात म्हणतो, "पण अक्षरं हायतच की वो!"

तेही खरंच. अक्षरं आहेतच. मी स्वतः पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं तीच वापरली, हेडक्लार्क होऊन निवृत्त झालो, आणि एकदाही ती कमी पडल्याचं मला आठवत नाही.

याच मुद्द्यावर सहा वर्षांपूर्वी माझं आणि तिचं वाजलं होतं. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष सोडून ती अक्षरांचं शिकायला निघाली, तेव्हा मी घरभर पाहुणे असताना म्हणालो, "अक्षरं काय शिजवून खाणार हायस?" सगळे हसले. ती हसली नाही. पुढे ती शिकली, बेंगळुरात नोकरीला लागली, सणावाराला घरी येत राहिली, पण कामाबद्दल तोंडातून चकार शब्द काढायची नाही. व्हॉट्सॅपवर मात्र अधूनमधून एखादं अक्षर पाठवायची. नुसता एक 'क्ष'. कधी 'झ'. खाली ना नमस्कार ना काही. त्याचं काय करायचं ते न कळून मी अंगठ्याचं चित्र पाठवून द्यायचो. माझ्या आईनं, बायडाबाईनं, बिड्या वळता वळता साक्षरतेच्या वर्गाला जाऊन अंगठा सोडला, आणि तिचा हेडक्लार्क मुलगा सहा वर्षं अंगठे उठवत बसला होता.

तर आमच्या नव्या घराच्या गृहप्रवेशाला पंधरा दिवस राहिले असताना उपासनाचा फोन आला.

"बाबा, पारमी पूर्ण झाली."

"कोण पारमी?"

"माझा टाइप, बाबा. माझी अक्षरं. त्यांचं नाव पारमी."

अक्षरांचं बारसं करतात हे मला नवीन होतं. मी "बरं बरं" म्हणालो. मग तिनं सांगितलं की ही अक्षरं मासिकांसाठी आणि पुस्तकांसाठी आहेत. यातल्या उभ्या रेघा भरदार, आडव्या आणि तिरप्या केसासारख्या बारीक. इंग्रजी अक्षरांना टोकाशी छोटे पाय. एक कंपनी पुढच्या महिन्यात ती बाजारात आणणार होती. "पण कागदावर ती पहिल्यांदा आपल्या घराच्या पत्रिकेत उतरावी असं मला वाटतं. छापून घ्याल?"

सहा वर्षांत तिनं आपलं काम पहिल्यांदाच माझ्या हातात दिलं होतं. हे एक काम धड झालं, तर त्या 'शिजवून खाणार'ची भरपाई काही न बोलता होऊन जाईल, असं मी मनात धरलं. माफी मागण्याची पद्धत आमच्या खात्यात नव्हती. फार तर शुद्धिपत्रक निघायचं.

"घेतो की," मी म्हणालो. "त्यात काय एवढं?"

हे वाक्य माणसानं कधी उच्चारू नये.

तिनं पाठवलेली पत्रिका मी मोबाइलवर उघडली आणि आधी वाटलं, अर्धीच आली. वर 'नमो बुद्धाय'. मध्ये 'गृहप्रवेश'. खाली तारीख, परित्राण पाठाची वेळ, मराठीत आणि इंग्रजीत पत्ता, आणि 'बायडाबाई व परिवार'. संपलं. बाकी सगळं पांढरं. मी बोटानं खाली सरकवत राहिलो, पण खाली काही नव्हतं.

एवढ्यात शेजारचे भावकू आले. भावकू म्हणजे निवृत्त पीटी मास्तर. शिट्टी सोडली तरी सूचना देणं सुटलेलं नाही. त्यांनी मोबाइल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"आप्पा, एवढी जागा पडीक का सोडल्या? आणि नावं कुठं हायत?"

"हाय की आईचं."

"आईचं हाय. बाकीच्यांचं?"

इथं बाहेरच्या वाचकांसाठी थोडा खुलासा केला पाहिजे. आमच्या भागात पत्रिका खालून वर वाचतात. तारीख, वेळ, पत्ता सगळ्यांना आधीच माहीत असतो, तो वाचायला कोण बसलंय? माणूस पत्रिका हातात आली की थेट तळाला जातो आणि आपलं नाव शोधतो. सापडलं तर ते कुणाच्या वर आहे आणि कुणाच्या खाली ते बघतो. सापडलं नाही तर रागावत नाही. कार्यक्रमाला येतो, पोटभर जेवतो, आणि पुढची दहा-बारा वर्षं प्रत्येक लग्नात त्याबद्दल बोलतो. सदलग्याच्या मामांचं नाव माझ्या लग्नाच्या पत्रिकेत राहिलं होतं. माझी मुलगी सत्तावीस वर्षांची झाली, तरी तो विषय चालू आहे.

मी आईला विचारलं. तिनं एका दमात त्रेचाळीस नावं सांगितली, गुंजीच्या व्याह्यांपासून सदलग्याच्या मामांच्या धाकट्या सुनेपर्यंत. शिवाय पोराटोरांच्या तर्फे 'आमच्या आज्जीच्या नव्या घराला यायचं हं!' ही ओळ पाहिजेच, असं बजावलं. मी ज्येष्ठतेची यादी केली. ती तीन वेळा बदलली. खात्यात बढत्यांची यादी करतानाही एवढा घाम फुटला नव्हता.

हे उपासनाला विचारायला हवं होतं, ते आता कळतं. पण प्रत्येक बारीक गोष्ट साहेबाला विचारणारा क्लार्क काय कामाचा?

यादी आणि पेनड्राइव्ह घेऊन मी भरमाण्णांच्या छापखान्यात गेलो. भरमाण्णांचा छापखाना बस स्टँडाच्या मागं. निम्म्या निपाणीच्या बिडी बंडलांवरची लेबलं तिथं छापली जातात. वाढदिवसाचे फ्लेक्सही निघतात. अक्षर म्हणजे पैलवान असलं पाहिजे, लांबून दिसलं पाहिजे, आणि त्याच्यामागं सावली पडली पाहिजे, हा त्यांचा चाळीस वर्षांचा धर्म.

त्यांनी फाइल उघडली. पडद्यावर चौकोन दिसले. नुसते रिकामे चौकोन, ओळीनं मांडलेले.

"आप्पा, पोरीनं चौकोनच पाठवल्यात की वो."

मी नीट बघितलं. सहा वर्षं शिकून चौकोन? मग फोनवर तिनं समजावून सांगितलं की अक्षरं आधी त्या कॉम्प्युटरात बसवावी लागतात. ती तिकडून इंग्रजीत सांगत होती, मी मराठीत भरमाण्णांना सांगत होतो, आणि भरमाण्णा कॉम्प्युटरला काय म्हणत होते ते इथं लिहिता येणार नाही. तासाभरानं चौकोनांची अक्षरं झाली. भरमाण्णा डोळे बारीक करून म्हणाले, "ह्या इंग्रजी अक्षरांच्या पायात चपला घातल्यात काय?"

मग त्रेचाळीस नावं बसवायला घेतली. पत्रिका तेवढीच, नावं तेवढी. भरमाण्णा अक्षर लहान करत गेले. आणखी लहान. सदलग्याची सून बसेपर्यंत ती अक्षरं मोहरीएवढी झाली होती. पडद्यावर मोठं करून बघितलं तर झकास दिसत होतं. मी खूश होऊन नमुना काढायला सांगितला.

नमुना आला आणि आम्ही दोघंही त्यावर वाकलो. वरचं 'गृहप्रवेश' ठीक होतं. खाली मात्र प्रत्येक नावातल्या उभ्या रेघा तेवढ्या उरल्या होत्या, त्यांना जोडणारं काही नव्हतं. कुंपणाचे खांब उभे आहेत आणि तारा चोरीला गेल्या आहेत, असं ते दृश्य होतं.

"शाई कमी पडली असंल," मी म्हणालो.

"माझी शाई?" भरमाण्णांना हे लागलं. "ह्या मशिनीवर लाखानं लेबलं काढल्यात मी. आप्पा, वाईट वाटून घिऊ नगा, पर अक्षरालाच अंग न्हाय. पोरगी लांब ऱ्हाती, जेवणाखाण्याचं हाल असत्याल. त्येच उतरतंय हातातनं."

घरी भावकूंनी कागदाला दोष दिला. बायकोनं माझ्या घाईला दोष दिला. आई म्हणाली, नव्या घराला दृष्ट लागली. तेवढ्यात भावकूंनी पलटी मारली आणि माझ्या डोळ्यांकडे बोट दाखवलं, "मोतीबिंदू बगून घ्या एकदा." मी खरंच जाऊन डोळे तपासून आलो. नंबर वाढला होता. नवा चष्मा लावून पत्रिका बघितली, तर रेघा नाहीत हे आणखी स्पष्ट दिसलं.

कोण बरोबर, हे मला काही केल्या ठरवता येईना. आणि तिकडून उपासना रोज विचारत होती, "बाबा, कशी दिसतेय?" मी रोज अंगठा पाठवत होतो.

त्यात जेवणासाठी नगरपालिकेचं समाजभवन घ्यायचं होतं. त्याला अर्ज, अर्जासोबत पत्रिका, आणि पत्रिकेच्या दोन झेरॉक्स. एकतीस वर्षं मी काउंटरच्या आतल्या बाजूला बसलो. बाहेरच्या बाजूला किती गरम होतं, हे मला माहीत नव्हतं. आत सौम्या नावाच्या मॅडम होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या.

"इदु एन री, अंकल?" हे काय म्हणून विचारत त्यांनी झेरॉक्स उचलून उजेडाकडे धरली.

या 'अंकल'नं मी आधीच निम्मा खचलो. झेरॉक्सच्या मशीननं उरलेल्या बारीक रेघाही गिळल्या होत्या. 'गृहप्रवेश'चे चार-पाच सोट तेवढे उभे होते, त्यांच्याखाली ठिपके.

"आमची पत्रिका आहे, मॅडम. मुलीनं स्वतः अक्षरं केली आहेत."

"मग पूर्ण करायला सांगा की," मॅडम म्हणाल्या आणि अर्जावर कन्नडात शेरा मारला: सोबत जोडलेला कागद वाचण्याजोगा नाही, सबब अर्ज परत. तो शेरा इतका नेमका होता, की मला त्यात बोट ठेवायला जागा सापडली नाही. असले शेरे मी स्वतः शेकड्यांनी मारले आहेत. ज्यांना मारले ती सगळी माणसं मला त्या काउंटरपाशी एकदम आठवली.

मी गोडीत घेतलं. बसून कन्नडात सारांश लिहून दिला, तोही वळणदार अक्षरात. मॅडमनी कौतुक केलं. "अक्षर चंद इदे, अंकल. पण मूळ पत्रिका दिसायला पाहिजे." आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

रविवारचा कार्यक्रम, आणि हा गुरुवार. समाजभवन नाही, पत्रिका नाही. मी पुन्हा भरमाण्णांकडे गेलो आणि स्टुलावर बसलो. माझा चेहरा बघून त्यांनी चहा मागवला.

"आप्पा, आता माझ्यावर सोडा. तुमची पोरगी ती माझी पोरगी."

शुक्रवारी दुपारी त्यांनी पत्रिका हातात ठेवली. रात्रभर बसून त्यांनी एकेका अक्षराची एकेक बारीक रेघ माउसनं जाड केली होती. सगळ्या त्रेचाळीस नावांची. 'गृहप्रवेश'ला सवयीनं लाल सावली दिली होती. पांढरी जागा बघवली नाही म्हणून चारी कोपऱ्यांत चार कमळं बसवली होती. इंग्रजी अक्षरांचे पाय त्यांनी ठेवले होते, पण आता ते गमबूट घातल्यासारखे दिसत होते. "पोरीनं मनानं केलंय, पाय कशाला तोडायचं?" ते म्हणाले.

मला पत्रिका आवडली. लाजण्यासारखी गोष्ट आहे, पण आवडली. सगळं ठसठशीत दिसत होतं. झेरॉक्स काढली तर ती मूळ पत्रिकेपेक्षा काळी आली. सौम्या मॅडमनी लगेच शिक्का मारला. शनिवारी सकाळपर्यंत गल्लीत, वाड्यावस्त्यांवर, सदलग्याला पत्रिका पोचल्या. मामांचा फोन आला की नाव दिसलं, आणि चांगलं जाड दिसलं. लोक म्हणायला लागले, "पोरीनं लई झ्याक अक्षरं केल्यात वो!" मी मान खाली घालून ते कौतुक घेत होतो. कुणाचं कौतुक कुणाला मिळतंय, याचा विचार करायचं मी टाळलं.

दुपारी उपासना आली. बॅग दारात ठेवली, आजीला जयभीम केला आणि जिन्याच्या कट्ट्यावरची पत्रिका उचलली.

"ही कुणाची?"

"आपलीच की."

"आणि पारमी?"

"हीच की गं," मी म्हणालो, पण माझा आवाज मलाच ओळखीचा वाटला नाही.

ती जिन्याच्या पायरीवर बसली. पत्रिका मांडीवर ठेवून तिनं एकेका नावावरून बोट फिरवलं. मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी घाईघाईनं सगळं सांगून टाकलं: त्रेचाळीस नावं, मोहरीएवढी अक्षरं, झेरॉक्स, मॅडमचा शेरा, भरमाण्णांचा माउस, माझा नवा चष्मा. ती ऐकत होती की नाही कळेना.

"छापायच्या आधी तुम्हाला हे दिसलं होतं, बाबा?"

"व्हय."

"मग थांबवलं का नाही?"

'वेळेअभावी' हा शब्द माझ्या जिभेवर तयार होता. एकतीस वर्षं त्यानं मला दगा दिला नव्हता. पण तिच्याकडे बघून तो बाहेर पडेना.

"मला ही बरी वाटली," मी म्हणालो.

बायको स्वयंपाकघरात निघून गेली. आता काय होतंय ते बघायला दारात आलेले भावकूही परत फिरले.

"खोटं कशाला बोलू?" मी म्हणालो. "तुझी मला वाचता येईना, उपा. तुझ्या आज्जीला सगळ्या जगात एकच नाव वाचता येतं, स्वतःचं. त्या पहिल्या नमुन्यावर तळाच्या नावांत ती बोट लावून लावून आपलं नाव हुडकत होती. तिला घावलं न्हाय. ह्यात घावलं. म्हणून मला ही बरी वाटली. मला तुझं काम कळत न्हाय. कळत न्हाय म्हणून मी त्या दिवशी चार माणसांत ते शिजवून खायचं बोललो. ते चुकलं माझं. लई चुकलं."

इतकं बोलून मला धाप लागली. ती ओढणीनं नाक पुसून म्हणाली, "मागच्या वर्षी मी तुम्हाला 'ळ' पाठवला होता."

"पाठवला होतास. छान होता."

"उलटा पाठवला होता. मुद्दाम. त्यालाही अंगठाच आला."

मी खाली बघितलं. फरशी नवी होती, तिच्यात माझं तोंड दिसत होतं.

"सहा वर्षांत आज पहिल्यांदा तुम्ही माझ्या अक्षरांना नावं ठेवलीत," ती म्हणाली. ती रडत होती की हसत होती, ते मला नवीन चष्म्यातूनही कळलं नाही. तिनं बॅगेतून लॅपटॉप काढला, मांडीवर उघडला आणि पायरीवर सरकून मला जागा केली. "कुठं वाचता येत नव्हतं? दाखवा."

मग तिनं सांगितलं की लहान छपाईसाठी बारीक रेघा थोड्या भरून वेगळी अक्षरं करावी लागतात. कंपनीतली माणसं हे तिला सहा महिने सांगत होती आणि ती ऐकत नव्हती. हा हट्टीपणा तिनं कुणाचा घेतला, हे मला खरंच माहीत नाही. पत्रिका पुढ्यात ठेवून ती भरमाण्णांनी जाड केलेली रेघ बघायची, मग आपली, मग काहीतरी पुटपुटत स्क्रीनवर रेघ केसाएवढी सरकवायची. मला दोन्हींत फरक दिसत नव्हता. मी तसं सांगितलं. तिनं आणखी सरकवली. आता दिसला. मी तसंही सांगितलं.

आतून बायको ओरडत होती की आचारी आलाय, कांद्याचं काय करायचं. बाहेर मांडववाला खांब कुठं रोवू म्हणून विचारत होता. मी दोघांनाही थांबायला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला कारण न देता थांबवलं असेल.

"हा 'भ' बघा," उपासना म्हणाली. "खरं सांगा."

मी बराच वेळ बघितला. माझ्या भीमरत्न या नावाचं ते पहिलं अक्षर, त्यामुळं मला जरा जबाबदारी वाटत होती.

"पोट जरा सुटलंय त्याचं," मी म्हणालो.

तिनं 'भ'कडे बघितलं. मग माझ्या पोटाकडे बघितलं.

"ते तसंच राहणार," ती म्हणाली. "आता 'म' बघा."

मी चष्मा पुसला आणि 'म' बघायला लागलो.